पालेर्मोत नऊ तास

पालेर्मो हे शहर आम्हा दोघांना पहिल्यांदा भेटले ते एका जुन्या प्रवाशाच्या शिव्यांमधून. इब्न हौकल नावाचा भूगोलकार इ. स. ९७३ मध्ये तिथे गेला होता. सिसिली बेट तेव्हा मुसलमानांच्या ताब्यात होते आणि पालेर्मो ही त्याची राजधानी. त्याने शहरातल्या मशिदी मोजल्या, त्या तीनशेच्या वर भरल्या. एका जागी उभे राहिले तर बाणाच्या टप्प्यात दहा मशिदी दिसतात, कारण प्रत्येक मातब्बर घराला स्वतःची वेगळी मशीद हवी असते, असे त्याने लिहून ठेवले. एका आलिमाच्या मशिदीपासून काही पावलांवर त्याच्याच मुलाने दुसरी बांधली होती म्हणे. हे वाचून आम्हाला हसू आले. आमच्या मोहल्ल्यातही दोन जमाती आहेत आणि ईदचा चंद्र दोघींना एकाच रात्री दिसेल याची खात्री नसते.

मशिदींनंतर हा गृहस्थ वळतो शिक्षकांकडे. मक्तबमध्ये मुलांना शिकवणारे उस्ताद शहरात तीनशेच्या आसपास आहेत, इतके आपण दुसऱ्या कुठल्याच गावात पाहिले नाहीत, आणि हे सगळे अकलेने मंद आहेत, असे तो म्हणतो. मग या पेशात ते का आले? तर शिक्षकाला लढाईवर जाण्यातून सूट मिळते म्हणून. शहरातल्या लोकांची बुद्धी एवढी का मंदावली याचेही कारण त्याने शोधले आहे : ही माणसे कच्चा कांदा फार खातात.

आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, दोघेही बी.एड. आहोत, आणि राहतो रायगड जिल्ह्यात चौलजवळ, म्हणजे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या मुलखात. त्यामुळे इब्न हौकलचे बोल आम्हाला जरा जास्तच लागले. सूट म्हणाल तर आम्हाला कशातूनच नाही. निवडणूक आमची, जनगणना आमची आणि खिचडीच्या तांदळाचा हिशेबही आमचाच.

या शहरात कधी जाऊ असे मात्र वाटले नव्हते. लंडनला स्थायिक झालेली आमची मोठी आपा मेच्या सुट्टीत आम्हाला भूमध्य समुद्रातल्या आठवड्याभराच्या जहाज-सहलीला घेऊन गेली. पैसे तिचे, व्हिसाच्या रांगा आमच्या. असले जहाज बंदरामागून बंदर दाखवत जाते आणि कुठेही एका दिवसापेक्षा जास्त थांबत नाही. पालेर्मोला ते सकाळी आठला लागून संध्याकाळी सहाला सुटणार होते. चढण्या-उतरण्याचा वेळ वजा केला तर हातात नऊ तास उरत होते.

जहाजावरचे बहुतेक लोक बसने मोनरेआलेच्या प्रसिद्ध चर्चला किंवा मोंदेल्लोच्या समुद्रकिनाऱ्यावर निघाले. दोन्ही ठिकाणे चांगलीच असणार. पण नऊ तासांत सगळे बघायला गेले की काहीच बघून होत नाही, हे आम्ही शैक्षणिक सहलींना मुले नेऊन शिकलो आहोत. म्हणून आदल्या रात्री एक नियम ठरवला : ज्या ठिकाणी भिंतीवर अरबी अक्षर आहे तिथेच जायचे. उर्दूमुळे ती लिपी आम्हाला लावता येते. परदेशात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत आमचा हात बसमधल्या लोकांच्या वर नव्हता, इथे थोडासा होता. शाळेच्या वेळापत्रकासारख्या तासिका पाडल्या : पहिली राजवाड्याची, मग कॅथेड्रल, मार्तोराना, नमाज, बाजार आणि शेवटची झीझा. शहर बंदरापासून वर चढत जाते म्हणून चढ गाडीने आणि उतार पायी, असे ठरले. आपाचे गुडघे दुखत होते, ती जहाजावरच थांबली. तिचा बारा वर्षांचा मुलगा आमच्याबरोबर आला. तो घरातली कोकणी समजतो आणि उत्तरे इंग्रजीत देतो. कुराण तो अटकत अटकत वाचतो, पण उर्दू त्याला येत नाही.

नॉर्मन राजवाडा शहराच्या वरच्या टोकाला आहे. मूळ किल्ला अरबांचा. १०७२ मध्ये नॉर्मन सरदारांनी पालेर्मो जिंकले आणि त्याच जागी आपला वाडा वाढवला. आज तिथे सिसिलीची विधानसभा भरते. आत शिरल्यावर सगळे चॅपलकडे पळतात. आम्ही मात्र बाहेरच्या भिंतीत बसवलेल्या एका दगडापाशी थांबलो. राजा दुसरा रॉजर याने ११४२ मध्ये एक पाण्याचे घड्याळ करवून घेतले, त्याचा हा शिलालेख. लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. घड्याळ केव्हाच गेले, दगड राहिला.

अरबी ओळींवर आम्ही बोट धरून उभे राहिलो (काचेला न लावता). ‘अम्र’ सापडला. मग ‘आला’, म्हणजे यंत्र. मग ‘साआत’, म्हणजे तासांचे अनेकवचन. शेवटी हिजरी सन अक्षरांत : पाचशे छत्तीस. व्याकरणासकट सगळे लागले असे नाही, पण हे तिन्ही शब्द उर्दूत आहेत, आमच्या सातवीच्या मुलांनाही कळले असते. भाच्याने विचारले, “राजा ख्रिश्चन होता ना? मग त्याने अरबीत का लिहिलं?” प्रश्न चांगला होता. उत्तर असे की, त्याच्या राज्यात या तिन्ही भाषांची माणसे राहत होती आणि घड्याळ कुणी केले हे त्या सर्वांना कळायला हवे होते. रॉजरच्या दरबाराचा दीवान अरबीत चाले, नाण्यांवर अरबी असे. त्याचा लाल रेशमी राजझगा आज व्हिएन्नात आहे, त्याच्या काठावर कूफी अक्षरांत हिजरी ५२८ हे साल भरतकामाने काढलेले आहे.

चॅपल म्हणजे काप्पेल्ला पालातिना. ११४० च्या सुमाराचे. भिंतींवर सोन्याच्या पार्श्वभूमीवर येशू आणि संत, ते काम ग्रीक पद्धतीचे. आणि वर पाहावे तर मधल्या दालनाचे छत मुकर्नसचे, मधाच्या पोळ्यासारखे कोनाड्यात कोनाडे लटकलेले, लाकडाचे. असे छत मुसलमान कारागिरांशिवाय होणे नाही. मोबाइल लांब धरून, चित्र मोठे करून पाहिले तेव्हा त्यावरची माणसे दिसू लागली. ऊद वाजवणारे, नाचणाऱ्या बायका, उंटावरचे स्वार, प्याला हातात धरून मांडी घालून बसलेले लोक, शतरंज खेळणारे दोघे. चर्चच्या छतावर हे सगळे काय करते आहे असा प्रश्न कुणाला पडू नये, इतक्या सहज ती तिथे आहेत. त्यांच्या कडेकडेने कूफी अक्षरे धावतात. कूफीला नुक्ते नाहीत, त्यामुळे बे, ते, से सगळे एकसारखे दिसतात. आम्हाला एक ‘बरकत’ शोधायला पंधरा मिनिटे लागली. राजासाठी मागितलेल्या दुआंची ती माळ आहे : बरकत, नुसरत आणि असेच काही. मान दुखेपर्यंत वर पाहिले. मागून ढकलत येणारे लोक फोटो काढून निघून जात होते. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यांना मोनरेआलेची बस गाठायची असेल.

याच वाड्याशी आमच्या गावाचे एक नाते आहे, ते इथेच सांगून टाकतो. अल्-इद्रीसी हा भूगोलतज्ज्ञ रॉजरच्या पदरी होता. राजाने त्याला जगाचा भूगोल लिहायला बसवले. व्यापारी, खलाशी, यात्रेकरू यांच्याकडून माहिती गोळा करून, ताडून, सुमारे पंधरा वर्षांनी ११५४ च्या जानेवारीत ग्रंथ पुरा झाला आणि पुढच्याच महिन्यात राजा वारला. चांदीच्या मोठ्या तबकडीवर जगाचा नकाशाही कोरला होता, तो पुढच्या बंडाळीत नाहीसा झाला असे सांगतात. ग्रंथातले नकाशे उलटे आहेत, दक्षिण वर आणि उत्तर खाली. इद्रीसी हिंदुस्थानात कधी आला नाही, पण त्याच्या पुस्तकात ठाणे आहे, सोपारा आहे आणि सैमूर आहे. सैमूर म्हणजेच आमचे चौल. त्याच्याही आधी, इ. स. ९१६ च्या सुमारास, अल्-मसूदी स्वतः चौलला येऊन गेला होता आणि तिथे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने नोंदवले. आज चौलचे बंदर गाळाने भरले आहे आणि एस.टी.तून जाताना नारळीपोफळीशिवाय काही दिसत नाही. त्या वाड्याच्या अंगणात उभे राहून आम्ही भाच्याला म्हटले, “तुझ्या नानाच्या गावाचं नाव इथं बसून लिहिलं गेलं, साडेआठशे वर्षांपूर्वी.” तो म्हणाला, “स्पेलिंग चुकवलं त्याने.”

वाड्यातून खाली उतरणारा सरळ रस्ता म्हणजे कास्सारो. कागदावर त्याचे नाव एका राजाचे आहे, पण लोक कास्सारोच म्हणतात. अरबी ‘अल्-कस्र’, किल्ला. इथे पायी चालण्याचा फायदा हा की, कान उघडे ठेवले तर शब्द भेटत जातात. समुद्राजवळच्या वस्तीला काल्सा म्हणतात, ते ‘अल्-खालिसा’. लात्तारीनी नावाचा बाजार आहे, तो ‘अल्-अत्तारीन’, आपल्या अत्तारांचा. संत्र्याच्या फुलाला सिसिलीत झागारा म्हणतात, त्यात ‘जहर’ म्हणजे फूल आहे. पाण्याच्या हौदाला जेब्बिया, पाटाला साइया. अरबांनी इथे लिंबू, संत्री, ऊस आणि पाटाचे पाणी आणले, त्याच्या नावानिशी आणले. माणसे गेली तरी पाट चालू राहिले, म्हणून शब्दही राहिले असावेत. हे आमचे अनुमान.

कॅथेड्रल डाव्या हाताला लागते. या जागेवर आधी चर्च होते, मग जामा मशीद झाली, मग पुन्हा चर्च. आजची इमारत ११८५ ची, नंतरच्या शतकांत खूप डागडुजी झालेली. दक्षिणेकडच्या दरवाजाच्या मांडवात जे खांब आहेत त्यांतल्या डावीकडच्या खांबावर कुराणाची आयत कोरलेली आहे. सूरे आराफ, चौपन्नावी. परवरदिगाराने सहा दिवसांत आकाश आणि धरती निर्माण केली, रात्र दिवसाला झाकते आणि त्याच्या मागे धावत येते, असा तिचा भाव आहे. जुना खांब कुणीतरी उचलून इथे लावला. काढून टाकला नाही, अक्षरे ठोकून सपाटही केली नाहीत. वाचता येत नव्हती म्हणून राहिली, की सुंदर म्हणून, की दगड मजबूत होता म्हणून?

भाच्याने ती ओळखली. म्हणजे अर्थ नव्हे, पण कुराण शिकताना या सूरतीवरून तो गेला होता आणि ‘अल्-लैल’ शब्द त्याला दिसला. “रात्र,” तो म्हणाला, आणि मग खांबाभोवती जाऊन पुढचे शोधू लागला. आम्ही मदत केली नाही. वर्गात जेव्हा एखादे मूल स्वतःहून अक्षर जुळवू लागते तेव्हा मध्ये बोलायचे नसते, एवढे बी.एड.ने शिकवले नाही तरी नोकरीने शिकवले आहे.

आतमध्ये राजांच्या कबरी आहेत, लाल जांभळ्या दगडाच्या मोठ्या पेट्या. रॉजरची आहे, त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक याचीही आहे. फ्रेडरिकबद्दल मुसलमान लेखकांनी फार कौतुकाने लिहिले आहे. तो अरबी जाणत होता, विद्वानांशी पत्रव्यवहार करत होता, जेरुसलेम त्याने लढाईशिवाय मिळवले. हे सगळे खरे. पण याच राजाने १२२० नंतरच्या दशकांत सिसिलीच्या डोंगरांत बंड करून बसलेले मुसलमान गोळा करून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा नावाच्या गावी नेऊन वसवले. बेटावरून ते संपले. लुचेरातही त्यांची तीन पिढ्या शेती, कारागिरी चालली. शेवटी १३०० मध्ये आंजूच्या दुसऱ्या चार्ल्सने ती वस्ती मोडली आणि माणसे गुलाम म्हणून विकली.

इब्न जुबैरने हे येताना पाहिले होते. स्पेनचा हा हाजी परतताना ११८४ च्या डिसेंबरात सिसिलीच्या किनाऱ्यावर जहाज फुटून अडकला. तेव्हाचा राजा दुसरा विल्यम अरबी लिहीत-वाचत असे, त्याच्या वाड्यात मुसलमान चाकर होते, पालेर्मोत मुसलमानांची स्वतंत्र वस्ती, काझी, मशिदी, अजान सगळे होते. इब्न जुबैर तारीफ करतो. आणि त्याच पानांत त्रापानी गावातल्या एका माणसाची हकीकत देतो. त्याने आपली मुलगी एका हाजीला सोपवू पाहिली, तुम्हाला वाटले तर निकाह करा, नाहीतर दुसऱ्या कुणाशी लावून द्या, पण तिला इथून घेऊन जा म्हणून. पाच वर्षांनी, ११८९ मध्ये विल्यम मेला आणि पालेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले. जे वाचले ते डोंगरात गेले.

कॅथेड्रलच्या पायरीवर बसून आमच्यात इथे वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, भाषेला राजाश्रय गेला की ती मरते, रॉजरसारखे राजे टिकले असते तर अरबी टिकली असती. दुसऱ्याचे म्हणणे, राजाश्रय तर होताच. छतावर होता, नाण्यावर होता, राजाच्या अंगावरच्या झग्यावर होता, आणि तरीही शंभर वर्षांत ते छत वाचणारा कुणी उरला नाही. वाचणारे उरतात ते घरात आणि मक्तबात, त्या तीनशे मंद उस्तादांकडे. पहिल्याचे म्हणणे, ते उस्ताद हाकलले कुणी, राजानेच ना? वाद मिटला नाही. तो वाद पालेर्मोचा आहे असे आम्ही दाखवत होतो, पण डोक्यात आमची शाळा होती. पहिलीत गेल्या वर्षी नऊ मुले आली. पट असाच उतरला तर आमच्यापैकी एक जण अतिरिक्त ठरून तालुक्याबाहेर जाईल. पालक येऊन सरळ विचारतात, उर्दू शिकून पुढे काय? त्यांना आम्ही पालेर्मोचा खांब दाखवू शकत नाही. दगडावरची अक्षरे लावता येतात म्हणून कुणाला नोकरी लागत नाही. त्या पालकांना रागावण्यात अर्थ नाही, त्यांनी हिशेब केलेला असतो, आणि आमच्याकडे त्या हिशेबाला हिशेबानेच उत्तर देण्यासारखे फार थोडे असते.

घड्याळ पाहिले तर बारा वाजत आले होते. क्वात्रो कान्ती म्हणजे चार कोपऱ्यांचा चौक, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याला एक चक्कर मारून मार्तोराना गाठले. ही चर्चे दुपारी बंद होतात, एकच्या आत पोहोचावे. मार्तोराना बांधले रॉजरच्या आरमारप्रमुखाने, अंताकियाच्या जॉर्जने, ११४३ मध्ये. हा ग्रीक ख्रिश्चन आधी ट्युनिशियाच्या झीरी सुलतानाच्या नोकरीत होता. इब्न जुबैर नाताळच्या दिवशी हेच चर्च पाहायला आला आणि थक्क झाला. शहरातल्या ख्रिश्चन बायका मुसलमान बायकांसारख्या सजून, ओढण्या घेऊन, मेंदी लावून, अत्तर लावून चर्चला चालल्या आहेत, असे त्याने लिहिले. आम्ही दारात उभे होतो तेव्हा उघड्या खांद्यांच्या पर्यटक बायकांना अंगावर घ्यायला पातळ शाली दिल्या जात होत्या. आमच्या ओढणीकडे दारावरच्या बाईने पाहिले आणि हसून आत सोडले. शेजारी सान कातालदोचे तीन लाल घुमट आहेत. चिंचोळ्या अंगणातून ते पाहिले की आपल्याकडच्या एखाद्या दर्ग्याची आठवण होते. आत जायला वेळ नव्हता.

उन्हाळी वेळेमुळे जुहरचा वक्त तिथे एकच्या पुढे सुरू होतो. ग्रान कान्चेल्लिएरे चौकात एका जुन्या चर्चमध्ये आता मशीद आहे. तिथे कसर नमाज अदा केली. ज्या शहरात इब्न हौकलने तीनशे मोजल्या तिथे ही एक, तीही ट्युनिशियाच्या लोकांनी चालवलेली. पंखा फिरत होता, चटई आपल्यासारखीच होती. भाचा म्हणाला, इथे लंडनपेक्षा शांत आहे.

मग बाल्लारो. हा बाजार हजार वर्षे त्याच जागी भरतो असे म्हणतात. नावाबद्दल मते आहेत. मोनरेआलेजवळच्या बहलारा गावचे व्यापारी इथे येत म्हणून, हे एक. दुसरे मत आमच्यासाठी गोड आहे : अरब लेखक दख्खनच्या राष्ट्रकूट राजांना ‘बल्हरा’ म्हणत, त्यांच्या मुलखातून मसाले येत, म्हणून. पहिलेच बरोबर असावे असे आम्हाला वाटते, पण दुसरे मान्य असल्यासारखे आम्ही बाजारभर मिरवलो. विक्रेते सूर लावून ओरडतात, वाशीच्या मंडईत ओरडतात तसे. तंबूने झाकलेल्या गल्लीत वांग्यांचे ढीग, तलवारमाशाचे धड, ऑलिव्हची पिंपे.

खाण्याबाबत एक सांगून ठेवतो, कुणी गेलेच तर उपयोगी पडेल. आरांचीना नावाचा तळलेल्या भाताचा गोळा दिसायला फार छान, पण मांसाच्या सारणाचा तर घेऊ नयेच, ‘लोण्याचा’ म्हणून जो देतात त्यातही बहुधा डुकराचे मांस असते. पालकाचा विचारून घ्यावा. निर्धोक गोष्ट म्हणजे पानेल्ले : हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ वड्या तेलात तळून, वर लिंबू पिळून, पावात घालून देतात. बेसन आणि पाव. सात समुद्र ओलांडून आम्ही भजीपाव खाल्ला आणि समाधान पावलो. त्यावर लिंबाचा बर्फाळ ग्रानिता.

बाजाराच्या टोकाला एका बांगलादेशी माणसाचे फोनचे दुकान होते. पालेर्मोत बांगलादेशी पुष्कळ आहेत, श्रीलंकेचे तमिळही. हा माणूस आमची हिंदी ऐकून बाहेर आला, स्टुलावर बसवले, पाणी दिले. त्याची दोन मुले इटालियन शाळेत आहेत, घरी बांगला बोलतात, रविवारी अरबी शिकायला जातात. “आणि बांगला लिहिता येते?” आम्ही सवयीने विचारले. तो म्हणाला, मोठीला थोडे, लहान्याला नाही, त्याला वेळच मिळत नाही. मग त्याने आम्हाला विचारले की आम्ही काय करतो, आणि शिक्षक आहोत म्हटल्यावर पाण्याचे पैसे घ्यायला तयार झाला नाही. इब्न हौकलला हा माणूस भेटायला हवा होता.

तीन वाजता टॅक्सीने झीझाला गेलो. हे ठिकाण जुन्या शहराच्या बाहेर आहे, साध्या वस्तीत, म्हणून बसवाले तिथे नेत नाहीत. पहिल्या विल्यमने ११६५ मध्ये सुरू केलेला आणि त्याच्या मुलाने पुरा केलेला हा उन्हाळी महाल. झीझा म्हणजे ‘अल्-अजीज’. भोवतीच्या बागेचे नाव जेनोआर्दो, ‘जन्नतुल अर्द’, धरतीवरची जन्नत. आता जन्नतच्या जागी फ्लॅट आहेत. महालाचे तोंड समुद्राकडे, वारा आत यावा म्हणून. तळमजल्यावर कारंज्याचे दालन, भिंतीतून उतरून फरशीतल्या पाटाने पाणी बाहेरच्या हौदात जाई, आणि वारा त्या पाण्यावरून येऊन थंड होई. विजेशिवायचा पंखाच म्हणा.

बाहेरून वर पाहिले तेव्हा एक गोष्ट दिसली. महालाच्या माथ्यावर पूर्ण लांबीची अरबी ओळ होती. नंतरच्या काळात कुणाला तरी तिथे किल्ल्यासारखे दाते हवे झाले. त्याने ओळीतूनच तुकडे कापून काढले. उरलेल्या दात्यांवर अक्षरांचे बुडखे तेवढे आहेत. इथे एक अलिफ, तिथे लामची अर्धी मान. आम्ही बराच वेळ प्रयत्न केला, पण जोडून एकही शब्द झाला नाही.

आत १९९१ पासून इस्लामी कलेचे संग्रहालय आहे. मोठे नाही. आम्ही ज्याच्यासाठी आलो तो दगड एका दालनात भिंतीवर होता. आन्ना नावाच्या ख्रिश्चन बाईच्या कबरीचा, ११४९ चा. तिचा मुलगा ग्रिझान्तो हा रॉजरच्या दरबारचा पाद्री, त्याने आईसाठी तो लावला. मधोमध क्रूस आणि चार बाजूंना चार लेख : लॅटिन, ग्रीक, अरबी, आणि चौथा हिब्रू लिपीत. चौथ्याची भाषा मात्र अरबीच आहे, पालेर्मोचे यहूदी अरबी बोलत आणि आपल्या अक्षरांत लिहीत. तारीखही प्रत्येक लेखात ज्याच्या त्याच्या सनाची. आई एकाच दिवशी गेली, तो दिवस चार पंचांगांत लिहिला.

“भाषा एक आणि लिपी दुसरी, असं चालतं?” भाच्याने विचारले.

आम्ही म्हटले, “आम्ही घरी कोकणी बोलतो, शाळेत उर्दू शिकवतो आणि कागदपत्र मराठीत लिहितो. चालतं.”

तो बराच वेळ त्या दगडासमोर राहिला. त्या मुलाला आईसाठी एवढे का करावेसे वाटले असेल, हे आम्हीही एकमेकांना विचारले. येणाराजाणारा कुणीही असो, त्याने थांबून तिचे नाव वाचावे, एवढेच असेल.

साडेचारला बाहेर बागेतल्या बाकावर टॅक्सीची वाट पाहत बसलो. भाच्याने तिकिटाची मागची बाजू पुढे केली आणि विचारले, पालेर्मो कसे लिहायचे. आमच्यापैकी एकाने ‘बे’ने सुरुवात केली. अरबीत ‘प’ नाही, म्हणून अरब या शहराला ‘बलर्म’ म्हणत आणि तसेच लिहीत, तेव्हा खरे नाव तेच. दुसऱ्याने पेन ओढून घेतले. अरबीत नसेल, उर्दूत ‘पे’ आहे, असताना का सोडायचा? यावरही एकमत झाले नाही. टॅक्सी आली तेव्हा तिकिटामागे दोन्ही नावे एकाखाली एक लिहिलेली होती, आणि भाचा ‘पे’खालचे तीन नुक्ते मोजून देत देतच गाडीत चढला.